चहात बुडवलेलं कार्ड

कार्ड विकत न आणता घरीच करायचं, हा निर्णय मी बोर्ली पंचतनच्या बाजारात एका स्टेशनरीच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून घेतला. निर्णय माझा एकट्याचा होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे आमच्या घरात या विषयावर बरीच चर्चा झाली आणि तीत दुसऱ्या कुणाचंही नाव आलं नाही.

झालं होतं असं, की आमची प्रांजली मे महिन्यात लग्न होऊन कोर्लईच्या रोझारिओंकडे गेली. खाडीपलीकडचं ख्रिस्ती घर, आणि लग्नानंतरचा हा पहिलाच नाताळ. माझी बायको भक्ती म्हणाली, व्याह्यांना एक छानसं कार्ड पाठवा. म्हणून मी दुकानात गेलो. दुकानदाराने मला ऑगस्टातल्या उरलेल्या राख्या दाखवल्या, वाढदिवसाच्या कागदी टोप्या दाखवल्या, शेवटी 'नूतन वास्तूस हार्दिक शुभेच्छा' लिहिलेलं एक पाकीट दाखवलं. नाताळचं कार्ड नव्हतं. हल्ली सगळे मोबाईलवर पाठवतात, म्हणाला.

मोबाईलवर पाठवण्याइतके आमचे संबंध मोकळे नव्हते. दोष माझा. प्रांजलीच्या लग्नाला मी विरोध केला नव्हता, फक्त तीन महिने काही बोललो नव्हतो. (आमच्या घरात यालाच विरोध म्हणतात, हे मला नंतर कळलं.) पुढे बोलायला लागलो तर रिसेप्शनला माइक हातात घेऊन व्याह्यांना तीन वेळा 'जोसेफराव' म्हणालो. त्यांचं नाव जोकीम. सबंध मांडव त्यांच्याकडे बघत होता आणि तो भला माणूस तिन्ही वेळा मान डोलवत होता. तेव्हापासून आमचं फोनवरचं बोलणं "बरं आहे?" "बरं आहे" एवढ्यावर आलं होतं. त्यात जोकीमराव विधुर, बोलायला मुळातच कमी. प्रांजली आणि जावई ग्लेन दोघंही नोकरीसाठी पनवेलला. कोर्लईच्या घरात जोकीमराव आणि त्यांची अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई, फिलोमिना आजी, अशी दोनच माणसं.

प्रांजली एकदा म्हणाली होती की आजीकडे बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलेली नाताळची जुनी कार्डं आहेत. कडा पिवळ्या पडलेली, कोपऱ्यात घंटा, वळणदार इंग्रजी अक्षरं. नवी चकचकीत कार्डं आजी हातातसुद्धा धरत नाही. हे मला त्या पायरीवर आठवलं. मी श्रीवर्धनला पंचायत समितीत वरिष्ठ सहायक आहे आणि माझं अक्षर चांगलं आहे. एके काळी तालुक्यातले निम्मे दाखले माझ्या अक्षरात गेले. मग कॉम्प्युटर आला आणि माझं अक्षर फक्त 'पोच मिळाली' लिहिण्यापुरतं उरलं. म्हटलं, होऊन जाऊ दे.

घरी येऊन मी भक्तीला सांगितलं की मी विंटेज कार्ड करणार आहे. विंटेज म्हणजे काय, तिने विचारलं. जुन्यासारखं दिसणारं नवीन, मी म्हणालो. तिने विचार केला आणि म्हणाली, "तुमच्या उलट."

भक्ती बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते. कागद, कात्री, डिंक यांत तिची हयात गेली. मी करून देते, असं ती दोनदा म्हणाली. पण मला ते स्वतःच्या हाताने करायचं होतं. जोसेफराव मी म्हणालो होतो, भक्ती नव्हे. मग तिने तिच्या कपाटात दोन वर्षं पडून असलेले जाड ड्रॉइंग पेपर काढून दिले आणि माझ्याकडे ती पहिलीच्या मुलाकडे बघते तसं बघून शाळेत निघून गेली. मी किरकोळ रजा टाकली होती. कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक' लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला. त्यात एक परदेशी बाई कागद चहात बुडवून जुना करत होती. ती इंग्रजीत भराभर बोलत होती, पण चहा मला ओळखता येतो. आमच्या पातेल्यात सकाळचा चहा शिल्लक होता. मी तो परातीत ओतला, आणखी दोन कप करून त्यात घातला आणि बारा कागद एकेक करून बुडवले. बाईच्या चहाला दूध नव्हतं, साखर नव्हती, आलं तर नव्हतंच, हे व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहिल्यावर लक्षात आलं. तोपर्यंत कागद गच्चीवर कपड्यांच्या दोरीला चिमटे लावून टांगले होते. रंग मात्र सुरेख आला होता. थोडी साय चिकटली होती, ती मी बोटाने काढली.

दुपारी वर जाऊन पाहतो तर चार कागदांवर मुंग्यांनी ताबा घेतलेला. लाल मुंग्या. दोरीच्या एका टोकाकडून येत होत्या आणि दुसऱ्या टोकाकडून पोट भरून जात होत्या. मी झटकून झटकून आठ कागद वाचवले. मग व्हिडिओतल्या बाईप्रमाणे मेणबत्तीवर कडा जाळायला घेतल्या. बाईच्या कागदाची कड नाजूक तपकिरी होत होती. माझ्या पहिल्या कागदाची कड नाजूक तपकिरी झाली, मग मधला भाग झाला, मग मी तो मोरीत फेकला. अशी पाच कार्डं गेली. एक जाताना टेबलक्लॉथचा कोपरा घेऊन गेलं.

उरली तीन. त्यांवर चित्र काढायचं होतं. सांताक्लॉज काढला, तो आमच्या गटविकास अधिकाऱ्यांसारखा दिसायला लागला. इतका, की मी अभावितपणे खुर्चीत नीट बसलो. ते कार्ड बाजूला ठेवलं. मग म्हटलं, कोर्लईचंच काहीतरी काढावं. टेकडी, किल्ला, खाली समुद्र आणि समुद्रात एक शिडाची होडी. होडी मला जमत नाही. डोलकाठी एका बाजूला कलली, शीड दुसऱ्या बाजूला, आणि होडीचं नाक वर. खोडायला गेलो तर चहात भिजलेला कागद सोलून निघायला लागला, म्हणून तशीच ठेवली.

किल्ल्यावर बर्फ घातला. (कोर्लईला बर्फ पडत नाही, मला माहीत आहे. पण जुन्या कार्डांवर असतो.) व्हिडिओत चमकदार मीठ डिंकावर पेरलं होतं. मी आमचं खडं मीठ पेरलं. संध्याकाळी समुद्राकडची हवा सुटली आणि किल्ल्यावरचा बर्फ वितळून खाली टेकडीवर ओघळला. त्या ओघळात शेजारचं कोरं कार्डही चिकटून फाटलं. उरलं एक. त्याला मी शिवणाच्या डब्यात सापडलेल्या पांढऱ्या लेसची किनार लावली, वर वळणदार अक्षरांत इंग्रजीत शुभेच्छा लिहिल्या, आणि कोपऱ्यात बारीक आकडे घातले, १९२५. बरोबर शंभर वर्षं. जुनं म्हटल्यावर साल हवंच. सहीला जागा उरली नाही, तिथे मीठ होतं. म्हणून पाकिटात एक वेगळी चिठ्ठी घातली, 'रोझारिओ परिवारास सप्रेम भेट, अ. कृ. गमरे.'

दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकलं आणि प्रांजलीला फोन करून सांगितलं की तुझ्या सासऱ्यांना एक जुन्या वळणाचं कार्ड पाठवलंय. ती तेव्हा पनवेलच्या रस्त्यावर रिक्षात होती. तिने सासऱ्यांना फोन केला आणि सांगितलं, पप्पांनी एक जुनं कार्ड पाठवलंय. 'वळणाचं' तेवढं रिक्षात राहिलं.

पाच दिवसांनी मी ऑफिसात असताना जोकीमरावांचा फोन आला. एरवीचं 'बरं आहे' झालंच नाही.

"गमरेसाहेब, हे तुम्हाला मिळालं कुठे?"

कागद चांगला जाड होता. मला वाटलं, त्याबद्दल विचारतायत.

"घरातच होतं. कपाटात पडून होतं."

"इतकी वर्षं?"

"हो. म्हटलं, सत्कारणी लागू दे."

"आई रडली हो ते बघून." त्यांचा आवाज जड झाला होता. "तुम्हाला स्वतःकडे ठेवावंसं नाही वाटलं?"

आपल्या कलेने कुणी रडेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. मी विनयाने म्हणालो, "त्यात काय एवढं. अशी अजून अकरा होती."

"अकरा? मग ती कुठे आहेत?"

"काही जळली. काही मुंग्यांनी खाल्ली."

 पलीकडून ते हळूच "अरेरे" म्हणाले आणि नाताळला जेवायला दोघांनीही यायचंच, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या धर्मा नावाच्या सहकाऱ्याने विचारलं, कुणी गेलं का. मी म्हणालो, नाही, व्याह्यांना माझं चित्र आवडलं. त्याला ते पटलं नाही. त्याने माझा सांताक्लॉज पाहिला होता.

पंचवीस तारखेला सकाळी आम्ही दिघीला जंगलजेट्टीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, स्कूटर चढवली आणि आगरदांड्याला उतरलो. बरोबर ओल्या नारळाच्या वड्या होत्या. भक्तीने नवी मोरपंखी साडी नेसली होती, पण ती जरा घुश्शात होती. ब्लाउजला लावायला आणलेली लेस शिंप्याने हरवली, असं मुरूडपर्यंत सांगत होती. लेस त्याला दिलीच नव्हती, असं शिंपी म्हणत होता. मी स्कूटर चालवण्याकडे लक्ष दिलं.

कोर्लईला पोहोचलो तर अंगणात चपलाच चपला. मला वाटलं, नाताळ आहे, माणसं यायचीच. आत गेलो. समोरच्या भिंतीवर येशूची तसबीर, तिच्या उजव्या बाजूला प्रांजली-ग्लेनचा लग्नाचा फोटो आणि डाव्या बाजूला, काचेच्या फ्रेममध्ये, माझं कार्ड. चार-पाच शेजारी हात मागे बांधून ते पाहत उभे होते. ती मंडळी आपसांत त्यांची स्वतःची बोली बोलतात, पोर्तुगीजांच्या काळापासूनची. मला त्यातला 'पाव' तेवढा कळतो, पण ती माणसं पावाबद्दल बोलत नव्हती. जोकीमरावांनी माझा हात धरून सगळ्यांना मराठीत सांगितलं की हेच ते गमरेसाहेब, शंभर वर्षांपूर्वीचं आपल्या गावचं कार्ड ज्यांच्या घराण्याने जपलं. अकरा कार्डं आगीत गेली, त्यातून यांनी हे एक वाचवलं. चर्चचे फादर सकाळी येऊन पाहून गेलेत, जानेवारीत प्रदर्शनात ठेवायचं म्हणतात.

मी दिसली त्या खुर्चीवर बसलो. तेवढ्यात प्रांजली स्वयंपाकघरातून आली. ती आदल्या रात्री उशिरा पोहोचली होती आणि कार्डाकडे नीट बघायला तिला बहुधा तेव्हाच फुरसत मिळाली. तिने फ्रेमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या पहिली ते दहावीच्या सगळ्या वह्यांवर नाव मी घातलंय. माझा इंग्रजी 'आर' ती अंधारातही ओळखेल. ती ट्रे घेऊन तशीच आत परत गेली आणि आतून तिला ठसका लागल्याचा आवाज आला.

भक्ती फ्रेमच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली होती. तिचं चित्राकडे लक्ष नव्हतं, किनारीकडे होतं. परत येऊन ती माझ्या शेजारी बसली, सगळ्यांकडे बघून हसली आणि ओठ न हलवता म्हणाली, "शिंप्याची माफी तुम्ही मागायची."

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प राहिलो असतो, हे कबूल करतो. पण फिलोमिना आजीने मला जवळ बोलावून खुर्चीशेजारी बसवलं. आजीला ऐकू कमी येतं, त्यामुळे ती स्वतः मोठ्याने बोलते. फ्रेम उतरवून तिने मांडीवर घेतली आणि होडीवर बोट ठेवलं. ही तिच्या बापाची होडी, म्हणाली. असं शीड आणि अशी डोलकाठी गावात दुसऱ्या कुणाचीच नव्हती. ती सात वर्षांची असताना बाप होडीसकट गेला. त्याचा फोटो नाही, काही नाही. आज इतक्या वर्षांनी दिसला. त्या काचेवरून ती पुन्हा पुन्हा बोट फिरवत होती. मी खाली मान घालून बसलो. माझ्या नोकरीत मी चुकीची नोंद कधी केली नाही, आणि इथे एका म्हातारीच्या आयुष्यात करून बसलो होतो.

जेवणं झाली. मटण, कोळंबी, पाव, केक सगळं उत्तम होतं, असं भक्ती सांगते. मला चव कळली नाही. मग जोकीमराव आतून एक पितळी कंदील घेऊन आले. गलबतावरचा, जाड काचेचा, त्यांच्या आजोबांचा. कालच घासूनपुसून लख्ख केला होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, लग्नाच्या वेळी तुम्ही बोलत नव्हता तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस आम्हाला आपलं मानणार नाही. माझी चूक झाली. तुम्ही आम्हाला घरातली सगळ्यात जुनी वस्तू दिलीत, ही आमच्या घरातली.

कंदील जड होता. तो हातात धरून मला वाटलं, मुकाट घेऊन गेलो तर हा माणूस माझ्याशी जन्मभर प्रेमाने वागेल आणि मी जन्मभर त्याला जोसेफराव म्हटल्यासारखा वागेन. मी कंदील टेबलावर ठेवला.

"जोकीमराव, ते कार्ड मी केलंय. याच महिन्यात. आमच्या घरी, चहात बुडवून."

 मी बोलत राहिलो. पातेलं, मुंग्या, मेणबत्ती, मीठ, सगळं सांगितलं. साल शोभेसाठी घातलं, म्हणालो. लेस हिची आहे, तेही सांगितलं. नाव चुकलो होतो त्याची भरपाई करायला गेलो होतो, हे शेवटी सांगितलं. जोकीमराव माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग आहे की काय आहे, ते समजत नव्हतं.

आजीने विचारलं, काय म्हणतो तो. जोकीमराव तिच्या कानाशी वाकले आणि मलाही कळावं म्हणून मराठीतच, सगळ्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "आई, हे कार्ड जुनं न्हाय. ह्यांनीच काढलंय. घरी बसून."

आजीने मांडीवरच्या फ्रेममधल्या होडीवर बोट ठेवलं.

"मंग माझ्या बापाची होडी यानी कुठं बघितली?"

मी जवळ गेलो, तिच्यासमोर खाली बसलो आणि मोठ्याने म्हणालो की आजी, मी कुठलीच होडी बघितली नाही. मला होडी काढता येत नाही. डोलकाठी चुकली माझी.

आजीने पुन्हा कार्डाकडे पाहिलं. मग तिने मान हलवली.

"त्याची पण चुकलीच होती. सगळा गाव सांगत होता त्याला."

आणि ती हसायला लागली. दात नसलेलं, अंग हलवणारं हसू. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले आणि फ्रेम जोकीमरावांकडे देऊन होती तिथे लावायला सांगितली. कुणी का काढली असेना, म्हणाली, होडी त्याचीच हाय. मग जोकीमरावांना हसू आलं. ते मुंग्यांच्या आठवणीपासून सुरू झालं. फोनवर मुंग्यांचं ऐकून त्या बिचाऱ्याने दोन रात्री हळहळ केली होती, आणि हे फादरना सांगितल्यावर फादरनीही केली होती. प्रांजली स्वयंपाकघराच्या दारात टेकून बसली होती, तिला उभं राहता येत नव्हतं.

निघताना मी पाहिलं, कंदील टेबलावर नव्हता. जोकीमरावांनी तो अतिशय हळुवारपणे, कुणाच्या लक्षात येणार नाही असा, परत कपाटात ठेवला होता. त्याऐवजी आमच्या पिशवीत कोळंबीच्या लोणच्याची बरणी होती. हिशेब अगदी रास्त होता. लोणचं फार छान होतं आणि या वेळी मला चव कळली.

तेव्हापासून जोकीमरावांचा दर दोन दिवसांनी फोन येतो. मला 'अजितराव' म्हणतात. मासे काय मिळाले, आई काय म्हणाली, जंगलजेट्टी वेळेवर सुटली का, अर्धा अर्धा तास बोलतात. भक्ती म्हणते, तुम्ही माझ्याशी आयुष्यात इतकं बोलला नाहीत. शिंप्याची माफी मी मागितली. तो म्हणाला, राहू द्या, पण नव्या लेसचं माप त्याने माझ्याकडून लिहून घेतलं. माझ्याच अक्षरात.

जानेवारीच्या शेवटी कोर्लईहून टपालाने एक जाड पाकीट आलं. फादरनी प्रदर्शन भरवलंच होतं. जुन्या वस्तूंत माझं कार्ड बसेना, म्हणून जोकीमरावांनी ते मोठ्या हौसेने हस्तकलेच्या स्पर्धेत दिलं होतं. पाकिटात बारा रंगीत खडूंची पेटी होती आणि एक प्रमाणपत्र. मी चष्मा लावून मोठ्याने वाचलं: नाताळ कार्ड स्पर्धा, वयोगट सहा ते दहा, चि. अजित कृष्णाजी गमरे, उत्तेजनार्थ.

मी म्हणालो, वयाचं जाऊ दे, पण बक्षीस ते बक्षीस. शेवटी परीक्षकांना काहीतरी दिसलंच असेल. भक्ती वह्या तपासत होती. तिने मान वर केली नाही.

"आमच्या शाळेत उत्तेजनार्थ आम्ही रडणाऱ्या मुलांना देतो."